गावाचा सूर ठाऊक असलेलं दुकान

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं गाव. अशा गावात खुंटीवरची वाद्यं वर्षातून किती वेळा खाली उतरतात हे पाहायचं तर पंचांगच हातात घ्यावं लागतं. हरिनाम सप्ताह, एकादशीचं भजन, श्रावण, गणपती, चैत्रातली यात्रा, लग्नाची वरात, दशक्रियेचं प्रवचन. कुठे पखवाज आणि पेटी, कुठे टाळ-वीणा, कुठे हलगी नाहीतर संबळ. कातडं, लाकूड आणि भाता यांवर चालणारी ही वाद्यं वापरली की झिजतात आणि नुसती ठेवली तरी बिघडतात. कातड्याची पुडी फाटते, ती आवळणारी वादी सैल पडते, पेटीच्या भात्याला उंदीर लागतो. म्हणून वाद्यांच्या दुकानाचा विचार मी विक्रीपासून सुरू करणार नाही. बाजारपेठेच्या गावातलं असं दुकान मुळात दुरुस्तीचं. दर्शनी भागात नवे तबले, ढोलक्या टांगलेल्या असतात, पण घर चालतं ते आत जमिनीवर बसून होणाऱ्या कामावर.

ते काम एकदा पाहायला हवं. पखवाजाची उजवी पुडी बकऱ्याच्या कातड्याची. कातडं भिजवायचं, ताणायचं, वरची चाट गोल कापायची, कडेने गजरा विणायचा आणि त्याच्या घरांतून वादी ओवून दोन्ही पुड्या खोडावर आवळायच्या. वादीखाली लाकडी गठ्ठे सरकवायचे. हातोडीने ते खाली ठोकले की सूर चढतो. मग शाई. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचा लगदा पातळ थरांनी भरायचा, प्रत्येक थर दगडाने घोटायचा, तो वाळू द्यायचा, मग पुढचा. थर जाड झाला तर नाद बसतो, घाई केली तर शाईचे खपले उडतात. डाव्या बाजूला मात्र वाजवायच्या वेळीच ओली कणीक लावतात.

ही शाई म्हणजे मोठी बुद्धीची गोष्ट आहे. साध्या गोल कातड्यावर थाप मारली की निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नुसता आवाज येतो, सूर लागत नाही. मध्यभागी शाईचं वजन आलं की ते उपस्वर जवळजवळ नेमक्या पटींत येतात आणि चामड्यातून गाता येईल असा स्वर निघतो. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर'मध्ये यावर लिहिलं. शाळेची पायरी न चढलेल्या कारागिरांनी हे कानाने साधलं होतं, त्याचं गणित रामन मांडत होते. या कारागिराला आपण आजही 'तबलेवाला' म्हणून मोकळे होतो, याचं मला वाईट वाटतं.

पण चांगला हात एवढ्यावर दुकान टिकत नाही. दुकानदाराला गावं ठाऊक असतात. या भजनी मंडळाची पेटी काळी एकची, त्या देवळातले बुवा पांढरी चारच्या खाली उतरत नाहीत, अमुक गावचा पखवाज वाजवणारा मुलगा जड हाताचा आहे, त्याला पुडी जाडच द्यायला हवी. पखवाजाची पुडी पेटीच्या सुराला जुळली नाही तर सप्ताहाचे सातही दिवस गायकाचा गळा ओढला जातो. पेटीचंही तेच. आतली पितळी जीभ, जिला कारागीर नुसता 'सूर' म्हणतात, टोकाकडे घासली तर आवाज चढतो, बुडाकडे घासली तर उतरतो. सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून येवो की आणखी कुठून, ते एकमेकांत बसवणारा माणूस मात्र जवळच लागतो. मोबाइलवरून मागवलेली पेटी खोक्यातून दारात येते, तेव्हा ती कुठल्या पखवाजाबरोबर वाजणार आहे हे पाठवणाऱ्याला माहीत नसतं.

या भागात अशा कामाला मागणी नव्हती असं कुणी म्हणू नये. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. नारायण खुडे यांनी फड उभा केला, भाऊ-बापू मांग नारायणगावकरांनी तो नावारूपाला आणला आणि भाऊंच्या लेकीने, विठाबाईंनी, राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत नेला. यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला फडमालक नारायणगावात राहुट्या टाकतात आणि गावोगावचे कारभारी तिथे येतात. ज्या फडात ढोलकी रात्रभर बोलते तिथे पुडी फाटणारच. जोडीला हलगी, तुणतुणं, कडी. शिवाय बैलगाडा शर्यतींच्या घाटात संबळ-हलगीशिवाय रंग चढत नाही. एकाच टापूत वारकरी, तमासगीर आणि घाटातले वाजंत्री अशी तीन गिऱ्हाइकं असण्याचं भाग्य फार थोड्या ठिकाणांना लाभतं.

मग हा धंदा का आटला? आधी स्पीकरच्या भिंती आल्या आणि वरातीतून हलगी-सनई बाहेर ढकलली गेली. फडात ढोलकीशेजारी ऑर्गन आणि पॅड उभे राहिले. २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षं चैत्र-वैशाख कोरडे गेले, यात्रा बंद राहिल्या आणि कलावंतांचा पैसा थांबला की कारागिराचाही थांबतो. नटबोल्टच्या ढोलक्या आणि कृत्रिम पानाचे ढोल आले. ते पान्याने कुणालाही ताणता येतात, पान गेलं की नवं बसवलं की झालं. रियाजाला तानपुरा आणि ठेका फोनमध्येच मिळतो. यातल्या प्रत्येक गोष्टीची सोय मला कळते. पावसाळ्यात उतरलेला पखवाज चढवताना मेटाकुटीला आलेल्या माणसाला नटबोल्ट देवासारखा वाटतो, हेही खरं.

यापेक्षा खोल असलेलं कारण आपण सहसा बोलत नाही. कातड्याचं काम हलकं मानलं गेलं. ज्या हातांनी पखवाजाची पुडी बांधली त्यांना तो पखवाज जिथे घुमतो त्या देवळात पाय ठेवू दिला जात नव्हता. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर खुलं व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. आज त्या कारागिरांच्या घरातला मुलगा चाकणच्या कारखान्यात पाळी करतो आणि बापाच्या बैठकीवर बसायला नको म्हणतो. तो योग्यच करतो. कला वाचवा म्हणून त्याला मागे ओढण्याचा अधिकार ज्यांनी पुडीची मजुरी घासाघीस करून दिली त्यांना नाही.

वाद्यांची दुकानं मोठ्या शहरांतही मिटत आहेत. १९२४ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झालेल्या वाद्यविक्रेत्या सॅम अ‍ॅशने शंभराव्या वर्षी, २०२४ मध्ये, सगळी दुकानं बंद केली. त्याच वर्षी आपल्याकडे मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फरीदसाहेब सतारमेकरांच्या परंपरेतल्या कारागिरांना तो मान मिळायलाच हवा होता. पण मानांकन नव्या वाद्याला मिळतं. फाटक्या पुडीवर कातडं चढवून देणाऱ्याच्या कसबाला असं कुठलं नाव नाही, आणि जुन्नर-आंबेगावला खरी गरज त्याचीच आहे.

आळंदीत चित्र वेगळं आहे. जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून तिथे कीर्तन-पखवाज शिकायला मुलं येत राहिली. आज घराघरांतून संस्था चालतात, म्हणून पखवाजाची दुकानंही चालतात. शिकणारे असले की दुकान जगतं, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं. मात्र निमगाव साव्याहून एका पुडीसाठी आळंदी गाठायची म्हणजे दिवस मोडतो, आणि सप्ताह तोंडावर असताना कुणी तो मोडत नाही. पखवाज खुंटीला राहतो, बुवांना दुसऱ्या गावाहून उसना मागवावा लागतो.

उपाय फार मोठे नाहीत. आळंदीत पखवाज शिकणाऱ्या मुलांना पुडी बसवायला आणि शाई दुरुस्त करायलाही शिकवावं, मग ते कुठल्याही जातीचे असोत. कातड्याला हात लावायची लाज तिथेच मोडेल. सप्ताहाच्या वर्गणीत मंडप, जेवण आणि साउंडबरोबर वाद्यांच्या दुरुस्तीचाही आकडा लिहावा. आसपासच्या गावांच्या मंडळांनी मिळून एकच कारागीर ठरवावा, त्याला आषाढाआधी आणि चैत्राआधी गावात बोलवावं, देवळाच्या ओवरीतच बसवावं, आणि मजुरी त्याने सांगितली तेवढी त्याच दिवशी रोख द्यावी.