लेकीचा ‘सबमिशन’चा आठवडा

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुली आता इंजिनिअरिंगला जातात. सोलापुरात वालचंद कॉलेज 1983 साली सुरू झालं, पंढरपूरजवळ गोपाळपूरचं कॉलेज 1998 साली. आता आणखीही कॉलेजं आहेत. कुणाची लेक वसतिगृहात राहते, कुणाची मोहोळ-अक्कलकोटहून रोज एसटीनं ये-जा करते.

लेक शिकते हे आपल्याला ठाऊक असतं. पण आठवडाभर ती नेमकं काय करते, हे घरात फारसं कुणी सांगत नाही. मग वाटतं, “दोन दिवस गावाकडं यायला काय झालं? पुस्तक घरी वाचता येत नाही का?” म्हणून आज तिच्या सगळ्यात धावपळीच्या आठवड्याबद्दल बोलू. मुली त्याला ‘सबमिशन’ म्हणतात.

इंजिनिअरिंगच्या वर्षाचे दोन भाग असतात. प्रत्येक भागाला सत्र किंवा सेमिस्टर म्हणतात. पहिलं पावसाळ्यात सुरू होतं आणि दिवाळीच्या मागंपुढं संपतं. दुसरं थंडीत सुरू होऊन उन्हाळ्यात संपतं. म्हणजे दुसऱ्या सत्रातच इकडं ज्वारीची काढणी येते आणि लग्नसराईही येते. ओढाताण होते ती इथं.

एरवीचा आठवडा असा. काही तास वर्गात शिकवणं आणि काही तास प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाला वर्गाच्या लहान तुकड्या करतात, कारण यंत्रं मोजकीच असतात. तुमच्या लेकीच्या तुकडीची पाळी मंगळवारी दुपारी असेल, तर ते यंत्र तिला मंगळवारी दुपारीच मिळतं. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून मापात आणावा लागतो. हाताला फोड येतात. हे काम घरी बसून होत नाही.

एक उदाहरण सांगते. सिव्हिलच्या मुली सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी मोजून घेतात आणि 15 सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यात काँक्रीट भरतात. दुसऱ्या दिवशी ठोकळा साच्यातून काढून पाण्यात ठेवतात. आपण नव्या स्लॅबवर पाणी मारतो, तेच हे. काही ठोकळे 7 व्या दिवशी आणि काही 28 व्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडतात. घराच्या कामाला एम-20 नावाचं काँक्रीट वापरतात. त्याचा एवढासा ठोकळा 28 व्या दिवशी सुमारे 45 टन भार सोसायला हवा. आता 28 वा दिवस म्हणजे 28 वाच. त्या दिवशी मुलीला मावसबहिणीच्या साखरपुड्याला बोलावलं, तर ठोकळा काही तिची वाट बघत नाही.

केलेलं प्रत्येक प्रात्यक्षिक वहीत लिहायचं, आकृती काढायची आणि सरांची किंवा मॅडमची सही घ्यायची. या वहीला जर्नल म्हणतात. आपल्या बचत गटाच्या रजिस्टरासारखंच समजा. दर बैठकीची नोंद त्याच दिवशी झाली, सह्या झाल्या, तर बँकेचे साहेब आले तरी भीती नसते. वर्षभराच्या नोंदी एका रात्रीत लिहायला बसलं की हिशेब जुळत नाही.

सत्राच्या शेवटी सगळ्या विषयांची जर्नलं, ड्रॉइंगच्या शीट आणि प्रकल्पाचा अहवाल तपासून घ्यायचा असतो. हाच तो सबमिशनचा आठवडा. सोमवारी एका विषयाची वही दाखवायची. मंगळवारी राहिलेलं प्रात्यक्षिक पुरं करायचं. बुधवारी शीटमधली चूक निघाली, की रात्री जागून ती पुन्हा काढायची. गुरुवारी-शुक्रवारी तोंडी परीक्षा. शनिवारी हजेरीचा हिशेब. साधारणपणे 75 टक्के हजेरी लागते. या कामाला गुण असतात आणि ते पुरं नसेल तर परीक्षेला बसणंही अडू शकतं.

या दिवसांत ती सारखी मोबाइलमध्ये दिसेल. सूचना, नोट्स आणि वेळापत्रक आता मोबाइलवरच येतं. प्रत्येक वेळी ते खेळणं नसतं.

सबमिशन झालं की कॉलेज काही दिवस बंद राहतं आणि मुलगी पिशवी घेऊन घरी येते. आपल्याला वाटतं, सुट्टी लागली. पण ही सुट्टी नाही, लेखी परीक्षेच्या अभ्यासाची रजा आहे. याच दिवसांत तिला खुरपायला नेलं, पाहुण्यांचा स्वयंपाक तिच्यावर टाकला किंवा बघायला पाहुणे बोलावले, तर सहा महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडतं. एखादा विषय राहिला तर त्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि तो पुढच्या अभ्यासाच्या डोक्यावर बसतो. दोन-तीन विषय साचले की घरात बोलणं निघतं, “जमत नसेल तर लग्न करून टाकू.” मुलगी हुशार असूनही शिक्षण सुटतं ते असं.

फीबद्दलही सांगते. 2024-25 पासून राज्य सरकारनं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असावं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत. महाडीबीटीवर अर्ज भरावा लागतो आणि पुढच्या वर्षी त्याचं नूतनीकरणही करावं लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा. मात्र वसतिगृह, मेस आणि वह्या-शीटचा खर्च या माफीत धरलेला नाही. त्याची तजवीज आपल्यालाच करावी लागते. गटातून कर्ज घ्यायचं तर ते सत्र सुरू होण्याआधी मागा.

मग आपण काय करायचं? सत्राच्या सुरुवातीलाच लेकीकडून सबमिशन आणि परीक्षेच्या तारखा घ्या आणि घरातल्या कॅलेंडरवर लाल खूण करा. त्या तारखांना घरात कार्यक्रम ठरवू नका. ती घरी आली तर रोजचे अभ्यासाचे तास आधी ठरवा. उरलेल्या वेळात तिनं हातभार लावायला हरकत नाही, पण भावाला अभ्यासाला बसवून तिला चुलीपुढं बसवू नका. वसतिगृहात असेल तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाठवा. दोन्ही टिकतात आणि रात्री जागणाऱ्या पोरीला आधार होतो. फोनवर “किती टक्के पडतील?” असं विचारण्यापेक्षा “सगळ्या सह्या झाल्या का?” असं विचारा. आईला आपलं काम कळतं, हे तिला त्यातून समजेल.

पुढच्या बैठकीत एवढं करा. गटातल्या ज्या ज्या घरची मुलगी कॉलेजात आहे, तिच्या परीक्षेच्या तारखा रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या. त्या आठवड्यात त्या घरी खुरपणीला किंवा काढणीला माणूस कमी पडत असेल, तर गटातल्या दोघींनी सावड घालावी.