नेमबाजाचे पिस्तूल आणि कमरेचे पिस्तूल

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शातोरूच्या रेंजवर १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवले, त्याच्या चार दिवस आधी मनू भाकरने एअर पिस्तुलात पदकांचे खाते उघडले होते, आणि खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या या वैयक्तिक पदकाचे कौतुक सर्व वृत्तपत्रांतून यथेच्छ झाले असल्यामुळे त्याची पुनरुक्ती येथे करण्याचे प्रयोजन नाही. प्रयोजन आहे ते त्या पदकांमागून उठलेल्या पृच्छांचे. पिस्तूल कोठे मिळते, परवाना कोण देतो, आणि एकदा परवाना मिळाला म्हणजे ते जवळ बाळगून हिंडता येते काय, असे तीन प्रश्न हौशी मंडळी हल्ली एका दमात विचारतात. यातले पहिले दोन प्रश्न क्रीडेचे आहेत. तिसरा क्रीडेचा नव्हे. लक्ष्यावर नेम धरण्यासाठी लागणारे पिस्तूल आणि प्राणरक्षणाच्या सबबीखाली कमरेला लटकवायचे पिस्तूल या दोन वस्तू घडणीने, दारूगोळ्याने आणि कायद्याच्या दृष्टीने इतक्या भिन्न आहेत की, एकीच्या मोहाने दुसरीकडे वळलेला मनुष्य बहुधा दोहोंनाही मुकतो.

ज्याला केवळ नेमबाजीची गोडी लागली आहे, त्याला आरंभी परवान्याची गरजच नसते, ही गोष्ट आश्चर्य वाटावे इतक्या थोड्यांना ठाऊक आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या हवेच्या शस्त्राची नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा रुंद नाही आणि ज्याच्या छर्‍याची ऊर्जा २० जूलच्या वर जात नाही, ते विनापरवाना विकत घेता येते. विक्रेता ओळखपत्राची नोंद ठेवतो, इतकेच. ऑलिंपिकमधले दहा मीटरचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या पुष्कळच आत बसते. वजन दीड किलोच्या आत असावे आणि चाप निदान ५०० ग्रॅमचा भार पेलणारा असावा, हे त्याचे मुख्य नियम. आणि ज्या दहाच्या वर्तुळात छर्रा घालायचा त्याचा व्यास ११.५ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा. एका हाताने, आधाराविना, पंचाहत्तर मिनिटांत साठ वेळा हे साधायचे असते. ज्याला यात रस वाटत नाही आणि ‘खऱ्या’ गोळीच्या आवाजाचीच ओढ आहे, त्याने आपल्या हौशीची थोडी चिकित्सा करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि पहिल्याच महिन्यात पिस्तूल खरेदी करू नये. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात किंवा वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सरावासाठी संस्थेची पिस्तुले मिळतात. त्यांवर हात बसला, आपला प्रबळ डोळा उजवा की डावा हे समजले, लाकडी मूठ तळहातास कोठे टोचते हे कळले, की मग निवड सोपी होते. परदेशी बनावटीचे पिस्तूल नवे घेणे सर्वांच्या आवाक्यातले नसते, म्हणून जुन्यांचा व्यवहार बराच चालतो. त्यात मूठ, चाप, नळी सगळे पारखून घेणारे लोकही हवेच्या नळकांड्यावर कोरलेली निर्मितीची तारीख पाहावयास विसरतात. या नळकांड्यांचे आयुष्य उत्पादकांनी सर्वसाधारणपणे दहा वर्षांचे ठरवलेले असते. मुदत सरलेले नळकांडे गळ्यात पडले तर स्पर्धेच्या आधीच्या शस्त्रतपासणीत ते अडते, आणि दोनशे बारच्या दाबाने भरलेल्या वस्तूच्या बाबतीत ही अडवणूक खचितच अनाठायी नव्हे.

आता काडतुसाच्या पिस्तुलाकडे वळू. येथे १९५९ चा शस्त्र अधिनियम आडवा येतो, आणि त्याचे तेरावे कलम प्रत्येक हौशी नेमबाजाने एकदा तरी स्वतः वाचावे, इतके ते मार्मिक आहे. केंद्र सरकारने मान्य केलेल्या रायफल क्लबाचा सभासद लक्ष्यसरावासाठी पॉइंट टू-टू रायफल मागत असेल, तर अपात्रतेचे अन्य कारण नसताना परवाना ‘द्यावा’ असे हे कलम प्राधिकाऱ्यास सांगते; वीस इंचांहून आखूड नळी नसलेल्या साध्या बंदुकीसही हीच उदार वागणूक आहे. परंतु पिस्तूल अगर रिव्हॉल्व्हर या यादीत नाही. ते ‘इतर’ प्रकरणांत मोडते, आणि तेथे अर्जदाराजवळ सबळ कारण आहे अशी प्राधिकाऱ्याची खातरजमा व्हावी लागते. म्हणजे एकाच काडतुसाची लांब नळीची रायफल मागणारा सभासद आपला हक्क सांगू शकतो, तर तेच काडतूस आखूड नळीतून उडवू पाहणाऱ्यास आपली कैफियत मांडावी लागते. कायदेकर्त्यांनी हा भेद अविचाराने केला असे मला वाटत नाही. खिशात मावते ते शस्त्र आणि खांद्यावरून न्यावे लागते ते शस्त्र यांत समाजस्वास्थ्याच्या दृष्टीने अंतर आहेच. मात्र त्यामुळे पिस्तूल नेमबाजाचा अर्ज मोघम असून चालत नाही. क्लबाचे सभासदत्व, राज्य संघटनेचे शिफारसपत्र, स्पर्धांतल्या गुणांचे दाखले, आणि कोणत्या प्रकारात खेळणार याचा स्पष्ट उल्लेख, इतके जोडले म्हणजे ‘सबळ कारण’ या शब्दांत काही वजन येते. ‘आत्मसंरक्षण व क्रीडा’ अशी दुहेरी सबब लिहिणारे स्वतःच्या हाताने आपला अर्ज दुबळा करतात. आत्मसंरक्षण म्हटले की कोणाच्या धमक्या आल्या, फिर्याद कधी नोंदवली, याची चौकशी सुरू होते आणि क्रीडा बाजूस राहते.

मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयांच्या शहरांत हा अर्ज पोलीस आयुक्तांकडे, तर कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यावा आणि त्यानंतर साठ दिवसांत निकाल व्हावा अशी नियमांत तरतूद आहे. दफ्तरांना ती फारशी मुखोद्गत नसावी, असे अर्जदारांच्या चेहऱ्यांवरून वाटते. नकार आल्यास त्याची कारणे लेखी मागावीत आणि तीस दिवसांच्या आत अपील करावे. परवान्याचे वय एकवीस वर्षे. त्याहून लहान मुलांना जाणत्यांच्या देखरेखीखाली सरावाची वाट मोकळी आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रसंख्या तिनावरून दोनावर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, तेव्हा नेमबाजांत बराच गदारोळ झाला होता. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने तो निवला. होतकरू नेमबाजास दोन, तर नामांकित नेमबाजास तो किती प्रकारांत नामांकित आहे त्याप्रमाणे आठ, दहा किंवा बारा शस्त्रांपर्यंत सवलत मिळाली, आणि पॉइंट टू-टू काडतुसांचा वार्षिक कोटा हजारावरून पाच हजारांवर गेला. आठवड्यातून तीन दिवस शंभर-शंभर गोळ्यांचा सराव धरला तर वर्षाकाठी पंधरा हजारांहून अधिक लागतात, हा हिशेब कोणीही करावा; पण हौशी माणसाला पाच हजार पुष्कळ झाले.

दुकानातल्या निवडीविषयी एक कटू सत्य सांगितले पाहिजे. सामान्य नागरिकास शस्त्र आयात करण्याची दारे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहेत. नऊ मिलिमीटर हे चित्रपटांनी लाडके केलेले माप आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडते. त्यामुळे नव्या परवानाधारकाच्या हाती बहुधा येते ते देशी बनावटीचे पॉइंट थर्टी-टू. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर हे त्याचे जुने उदाहरण. आखूड नळी, बोथट साइट आणि जड चाप यांमुळे ते पंचवीस मीटरवर मनासारखा नेम देत नाही, आणि हा त्याचा दोषही नव्हे, कारण ते त्यासाठी घडवलेलेच नाही. वास्तविक याच मापाचे काडतूस सेंटर-फायर पिस्तूल प्रकारात जगभर चालते; पण तेथे त्याची गोळी पुढून सपाट कापलेली असते, जेणेकरून कागदी लक्ष्यात स्वच्छ वाटोळे भोक पडावे आणि गुण मोजताना वाद होऊ नये, आणि ते उडवणारे पिस्तूल निराळेच असते. तात्पर्य, पदकाच्या स्वप्नाने कानपुरी रिव्हॉल्व्हर घेणारा गृहस्थ चुकीच्या रांगेत उभा आहे.

पॉइंट टू-टू काडतुसाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. १८८७ च्या सुमारास अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने रूढ केलेले हे ‘लाँग रायफल’ काडतूस आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मूळ आकारात टिकून आहे. याचे स्फोटक पेंदाच्या मध्यभागी नसून पितळी पेंदाच्या काठात ओल्या स्थितीत गरगर फिरवून बसवलेले असते. ते काठभर समप्रमाणात पसरले तर प्रत्येक गोळी सारख्या वेगाने सुटते, न पसरले तर सुटत नाही. सुमारे अडीच ग्रॅमची शिशाची ही गोळी स्पर्धेच्या काडतुसात मुद्दाम ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी, सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास, ठेवलेली असते, कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळी डळमळते. पन्नास मीटर जाताना ती सुमारे बारा सेंटिमीटर खाली उतरते. वेगात केवळ तीन मीटरचा फरक पडला तरी हे उतरणे दोन-अडीच मिलिमीटरने बदलते, आणि रायफलचे दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. म्हणूनच जागतिक दर्जाचे रायफलपटू बर्मिंगहॅमच्या ईलीसारख्या कंपन्यांच्या चाचणीकेंद्रांत आपली नळी घेऊन जातात आणि निरनिराळ्या उत्पादनक्रमांकांची, म्हणजे लॉटची, काडतुसे उडवून पाहतात. एकाच आमराईतल्या दोन पेट्यांची गोडी वेगळी निघावी, तसे एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच नळीत निराळे वागतात.

पण हे सर्व रायफलीचे झाले. पिस्तूल पंचवीस मीटरवर चालते, तेथे दहाचे वर्तुळ पाच सेंटिमीटरचे आहे, आणि वेगाच्या त्याच फरकाने गोळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ढळते. हौशी पिस्तूलधारकाने सर्वांत महागड्या काडतुसांवर पैसे ओतणे म्हणजे निव्वळ अपव्यय होय. त्याला हवे ते अडखळत नाही असे, मध्यम किमतीचे, ‘स्टँडर्ड’ वेगाचे काडतूस; अतिवेगवान प्रकार मुद्दाम टाळावा, कारण स्पर्धेच्या पिस्तुलांच्या नाजूक यंत्रणेस तो मानवत नाही. मॅगझिनच्या ओठांना मेणाचा थर साचला की गोळ्या अडकतात, तेव्हा दोष काडतुसाला देण्यापूर्वी ते पुसून पाहावे. नळी साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्या भरकटतात, त्यांवरून साइट हलवू नये. आणि ड्राय फायरचा, म्हणजे काडतुसाविना चाप ओढण्याचा, सराव पॉइंट टू-टूवर रिकाम्या नळीत करू नये. पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते. उडवलेले एखादे टरफल आत ठेवावे.

कोकणच्या पावसाळ्यात काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात ठेवणाऱ्यांना पितळावर हिरवट गंज पाहावयास मिळतो; हवाबंद डबा आणि ओल शोषणाऱ्या पुड्या हा त्यावर उपाय. गोळी उडाली नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावे, उशिरा पेटण्याचा संभव असतो. याहून घातक प्रकार म्हणजे आवाज नेहमीपेक्षा फुसका येणे. गोळी नळीतच अडकलेली असू शकते; त्यामागून दुसरी सोडणारा हात गमावू शकतो. शिशाची धूळ बोटांवर राहते, म्हणून रेंजवरून आल्यावर हात धुतल्याखेरीज डब्यातली पोळी सोडू नये. कानाचे आणि डोळ्यांचे संरक्षण सांगण्याची गरज नसावी.

राहिला तिसरा प्रश्न, पिस्तूल जवळ बाळगून हिंडण्याचा. परवान्यावर जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत असे क्षेत्र लिहिलेले असते आणि त्याची वेस ओलांडली की परवानाधारकही गुन्हेगार ठरतो. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अंगावर न्यायचे तर ते म्यानातच असावे लागते. ते परजून दाखवणे वर्ज्य. आणि लग्नात बार उडवणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहे, जे मला कमीच वाटते. नेमबाजाने तर कमरेचा विचारच सोडावा. पिस्तूल रिकामे, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग घातलेले, कुलूपबंद पेटीत. काडतुसे निराळ्या डब्यात. मूळ परवाना आणि स्पर्धेचे पत्र सोबत. विमानाने जाताना आधी कळवून ते सामानकक्षातच द्यावे लागते.

निवडणुकीची आचारसंहिता लागताच शस्त्रे जमा करण्याचे हुकूम सुटतात. रायफल संघटनेच्या खेळाडूंना यातून सूट मागता येते, पण ती आपोआप चालून येत नाही; संघटनेच्या पत्रासह छाननी समितीकडे वेळेवर अर्ज गेला पाहिजे. सूट न मिळाल्यास पिस्तूल ठाण्यात देताना पावतीवर शस्त्राचा क्रमांक, मॅगझिनांची संख्या आणि मुठीची स्थिती लिहून घ्यावी, आणि नळीत तेलाचा हलका हात फिरवून मगच ते सुपूर्त करावे. मालखान्यात ते किती आठवडे राहील हे कोणताही हवालदार सांगू शकणार नाही.