४१०५०१ : चाकणच्या पिनकोडात दडलंय काय?

चाकणमधून पार्सल पाठवायचं किंवा मागवायचं असेल, तर ४१०५०१ लिहावंच लागतं. बघूया, या आकड्यात गणित काय आहे.

या आकड्याला ७ ने भाग जातो का? कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. आकड्याचे मधोमध दोन तुकडे करा, ४१० आणि ५०१. मोठ्यातून लहान वजा करा, उरतात ९१. म्हणजे ७ × १३. मग मूळ आकड्यालाही ७ आणि १३ ने भाग जातो. कारण १००१ = ७ × ११ × १३, आणि आपला आकडा म्हणजे ४१० × १००१ अधिक ९१. पूर्ण अवयव पाडले तर ७ × १३ × १३ × ३४७. तेरा दोनदा!

चिंचवडचा ४११०३३ घ्या. ४११ वजा ३३ म्हणजे ३७८. याला ७ ने भाग जातो, १३ ने नाही. पिंपरीच्या ४११०१८ ला दोन्हींनी जात नाही.

देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ तुम्हाला माहीत असेल. त्यांचीच रीत इथे लावा : अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाचा आकडा वजा करा. ५४११०० − ००११४५ = ५३९९५५. असंच करत राहिलात तर नवव्या वजाबाकीला ४२०८७६ येतो. तिथून पुढे सात आकड्यांचं चक्र फिरत राहतं, बाहेर पडताच येत नाही. कागदावर करून बघा, वेळ मस्त जातो.

आता 'भाग्यांक'वाल्यांकडे वळू. ४+१+०+५+०+१ = ११, म्हणजे २. हा २ म्हणजे ४१०५०१ ला ९ ने भागल्यावर उरलेली बाकी, बस्स. अंकांची अदलाबदल करून ४१०५१० लिहिलं तरी बेरीज २ च येते. या बेरजेवर भरवसा ठेवून गाडीच्या नंबरासाठी जादा पैसे मोजणारे लोक आहेत, हे मला अजून कोडंच आहे.

पिनकोडचा खरा अर्थ त्याच्या स्थानांत आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या या पद्धतीमागे डाक-तार खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर होते, संस्कृतचे कवीसुद्धा. पहिला ४ म्हणजे पश्चिमेकडचा विभाग. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. म्हणून पिंपरी पुण्यासोबत ४११ मध्ये, आणि शेजारचं चाकण मात्र लोणावळा-पनवेलसोबत ४१० मध्ये.

आधारच्या बाराव्या अंकात चूक पकडायची सोय असते. पिनकोडात ती नाही. शेवटचा १ चुकून ५ झाला, तर ४१०५०५ हाही अगदी खरा पिनकोड आहे, राजगुरुनगरचा. पत्त्यात गावाचं नाव स्पष्ट लिहा, म्हणजे पोस्टमनला निदान शंका तरी येईल.