खिशातला कारखाना

दिवाळी सरली की पुण्याच्या हवेत थंडीबरोबर सायकलचे वेडही शिरते. पहाटे दूध आणायला निघालेल्या गृहस्थाला डोक्यावर रंगीबेरंगी टोप चढवलेल्या तरुणांच्या झुंडी कात्रजकडे किंवा सिंहगडाकडे जाताना दिसतात, आणि तो त्यांच्याकडे कौतुकाने पाहतो. हे कौतुक त्यांतले एखादे पोर आपल्या घरचे निघेपर्यंत टिकते!

गेल्या वर्षी ती पाळी आमच्यावर आली. आमची कन्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात आहे. एका रात्री जेवताना, आमटी वाढा म्हणावे इतक्या सहजपणे ती म्हणाली, “डिसेंबरात आम्ही चौघी मैत्रिणी सायकलने वाईला जाणार. कापूरहोळ, भोर, मग मांढरदेवीचा घाट. मुक्काम मावशीकडे.”

सौभाग्यवतींचा हात पोळ्यांच्या डब्यातच थांबला. “आणि घाटात चेन तुटली म्हणजे?”

वास्तविक आमच्या मनातली भीती चेनची नव्हती, हे तिघांनाही कळत होते. पण खरी भीती बोलून दाखवली असती तर “मी मुलगा असते तर हेच विचारलं असतंत का?” असा प्रश्न आला असता, आणि त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा सगळा भार बिचाऱ्या चेनवर पडला. अखेर मी तोड काढली. दुरुस्तीचे उत्तम हत्यार मी आणून द्यायचे; ते चालवून दाखवलेस तर परवानगी. आता मी मराठीचा प्राध्यापक. प्रत्यय आणि विभक्ती सुट्या करून पुन्हा जोडण्यात माझा जन्म गेला, पण सायकलचा एक नटही मी कधी सैल केलेला नाही. हे त्या क्षणी माझ्या लक्षात आले नाही.

माझ्या वडिलांचे तसे नव्हते. कचेरीला सायकलने जाणाऱ्या पिढीतले ते. त्यांच्याजवळ एकच पाना होता, डंबेलसारखा: मध्ये आखूड दांडी, दोन टोकांना दोन जाड डोकी आणि त्या डोक्यांत लहानमोठी षट्कोनी भोके. चाकाचा नट असो की सीटचा, कुठल्या ना कुठल्या भोकात तो बसायचाच. रविवारी सकाळी अंगणात सायकल उलटी करून ते बसत. त्यांचे काळे झालेले हात पाहून मला मित्रांसमोर संकोच वाटे.

तो पाना माळ्यावरून काढून मी कन्येपुढे ठेवला. तिने तो सायकलभर फिरवून पाहिला आणि हसून म्हणाली, “बाबा, याला धरायला माझ्या सायकलवर नटच नाहीत!”

ते खरेच होते. आजच्या सायकलींवर जागोजागी डोक्यात षट्कोनी खळगा असलेले स्क्रू असतात. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावच्या अ‍ॅलन नावाच्या कारखान्याने १९१० च्या सुमारास तसे स्क्रू विकायला काढले, म्हणून त्यांच्या वाकड्या किल्लीला आजही ‘अ‍ॅलन की’ म्हणतात. अशा पाचसहा किल्ल्या, पेचकस आणि चेनची पिन काढायचे यंत्र एका मुठीत मावेल असे चाकूसारखे मिटवलेले असते. प्रवाशाचे हे हत्यार म्हणजे खिशातला कारखानाच.

मी दुकानात गेलो आणि त्यांतला सर्वांत मोठा कारखाना विकत घेऊन आलो. त्यात चोवीस कामांची सोय होती. बाटलीचे बूच उघडायचीही होती.

“आधी सायकलला विचारायचं, मग दुकानदाराला,” कन्या म्हणाली. मग आम्ही गॅलरीत बसलो. तिने एकेका स्क्रूला किल्ली लावायची आणि मी वहीत नोंद करायची. तासाभरात जी यादी झाली ती वाचकांच्या उपयोगी पडेल. बाटलीची चौकट ४ मिलिमीटर. हँडल आणि सीट ४, ५ किंवा ६. बारीकसारीक जुळवाजुळवीला अडीच आणि ३. गिअरच्या दोन स्क्रूंना फुलीचा पेचकस. आणि डिस्क ब्रेकच्या तबकडीला चांदणीच्या आकाराची टी-२५ किल्ली. पेडल मात्र प्रवासात सहसा काढावे लागत नाही. काढलेच, तर डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवावे. नाहीतर सोडवण्याच्या खटपटीत माणूस ते अधिकच आवळत बसतो.

चोवीसपैकी कामाच्या निघाल्या नऊ गोष्टी. शिवाय आमचा कारखाना इतका रुंद होता की बाटलीच्या चौकटीतल्या स्क्रूपर्यंत त्याची किल्ली पोचून फिरेचना. हत्यार फार मोठे असले तर अडचणीच्या जागी शिरत नाही. फार आखूड असले तर जोर लागत नाही. आणि पोलाद नरम असले तर किल्लीचे कोपरे झिजून स्क्रूचा खळगाही गोल होतो. मग ब्रह्मदेव आला तरी तो स्क्रू निघत नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराच्या हातापाया पडून तो ऐवज बदलून आणला. नवा निम्म्या वजनाचा होता, आणि त्यात बूच उघडायची सोय नव्हती.

चेन तोडायचे यंत्र मात्र मी आग्रहाने त्यात पाहून घेतले होते. त्याची परीक्षा बोपदेव घाटात झाली. रंगीत तालीम म्हणून आम्ही बापलेक एका रविवारी सासवडच्या वाटेला लागलो. मी शेजाऱ्यांची सायकल मागून घेतली होती. चढावर गिअर बदलायला मी चुकीचा मुहूर्त साधला, खाडकन आवाज झाला आणि चेन सापासारखी रस्त्यावर पडली.

“थांब, मी करतो,” मी म्हणालो. परवानगी देणाऱ्याचा तोरा होता तो. मोडकी कडी काढण्यासाठी यंत्र लावून मी दांडा फिरवत गेलो, फिरवत गेलो, आणि पिन टपकन बाहेर पडून गवतात नाहीशी झाली. ती थोडी आत अडकलेली ठेवली तरच पुन्हा जोडता येते, हे मला नंतर समजले. हत्यार माझ्या हातात होते. हात मात्र हत्यारात नव्हता.

कन्येने काही न बोलता पिशवीतून एक चिमुकली जोडकडी काढली. दोन अर्ध्या पाकळ्यांची ही कडी एकमेकींत अडकवून पेडलवर जोर दिला की खटकन बसते. चेन नऊ गिअरांची की दहा, त्याप्रमाणे ती वेगवेगळी घ्यावी लागते. शेजाऱ्यांच्या सायकलची तिने आदल्या रात्रीच पाहून ठेवली होती. दहा मिनिटांत आम्ही पुन्हा मार्गस्थ झालो. उरलेला घाट मी तिच्या मागून चढलो.

वाटेत चहा घेताना मी तिला १९१३ सालच्या फ्रान्समधल्या शर्यतीची हकिगत सांगितली. क्रिस्तोफ नावाच्या स्वाराच्या सायकलचा पुढचा चिमटा टूर्मालेच्या घाटात मोडला. नियम असा की दुरुस्ती ज्याची त्याने करायची. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरांहून अधिक चालत गावात उतरला आणि लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः चिमटा जोडला. पण एका मुलाने भाता ओढून दिला, म्हणून पंचांनी वेळेचा दंड केलाच! ती म्हणाली, “पंच तुमच्यासारखे होते, बाबा.”

परवानगी मिळाली, हे सांगायला नकोच. निघण्याच्या आदल्या रात्री मी तिची पिशवी तपासली. प्रवासात चेनपेक्षा पंक्चरच अधिक. त्यासाठी एक जादा ट्यूब, ठिगळे, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या आणि ट्यूबच्या तोंडाला बसणारा लहान पंप. अशा सायकलींवर तोंडाचे सहसा दोन प्रकार दिसतात, बारीक आणि मोटारीसारखे जाड. पंप घरीच लावून पाहावा. आणि ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून जपून बोट फिरवावे. बाभळीचा काटा आत तसाच राहिला तर नवी ट्यूबही फर्लांगभर चालत नाही.

ती गेली. तो दिवस आम्ही दोघांनी दूरध्वनीकडे पाहत काढला. संध्याकाळी साडेपाचला आवाज आला, “पोचलो. चेन तुटली नाही म्हणून सांगा आईला.”

परत आल्यावर तिने पिशवी रिकामी केली. नवा कारखाना घडीसुद्धा न मोडता बाहेर आला. त्यामागून टेबलावर धपकन पडला तो वडिलांचा पाना!

“हे ओझं कशाला नेलंस?” मी विचारले.

“सहज टाकला होता. भोरच्या पुढे एक शाळकरी मुलगी सायकल ढकलत चालली होती, सीट सारखी फिरत होती तिची. साधी सायकल, नटाची. आमच्या चौघींच्या हत्यारांपैकी एकही तिला लागेना. आजोबांचा पाना लागला.”

मी पाना हातात घेतला. त्याला ताजे काळे तेल लागले होते, ते माझ्या बोटांना लागले. मी ते लगेच धुतले नाही.