आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: नेटवर्कच्या बिघाडांची परीक्षा

'सर, सीसीएनपी करतोय. टीशूटचा पेपर आधी उरकून टाकू की शेवटी ठेवू?' हा प्रश्न मला अजूनही दर बॅचला एक तरी मुलगा विचारतो. कुणा मोठ्या भावाच्या नोट्स त्याच्या हाती लागलेल्या असतात. त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, तो पेपर तुला देताच येणार नाही.

सिस्कोने २०१० मध्ये सीसीएनपी या आपल्या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राची मांडणी बदलली, तेव्हा राऊट आणि स्विच या दोन पेपरांच्या जोडीला टीशूट, म्हणजे निव्वळ ट्रबलशूटिंगचा पेपर आला. २४ फेब्रुवारी २०२० रोजी तो बंद झाला. आता सीसीएनपी एंटरप्राइझसाठी दोन परीक्षा आहेत: ३५०-४०१ क्रमांकाची एनकोर सर्वांना सारखी, आणि दुसरी आपल्या आवडीची. बिघाड शोधण्याचं काम ज्यांना करायचंय ते दुसरी म्हणून बहुधा ३००-४१०, म्हणजे एनार्सी घेतात.

यातून निघालेला पहिला गैरसमज असा, की 'ट्रबलशूटिंग अभ्यासक्रमातून गेलं.' एनार्सीचा अभ्यासक्रम उघडून पाहा. त्यातल्या निम्म्याहून अधिक ओळींची सुरुवातच 'ट्रबलशूट' या शब्दाने होते. ईआयजीआरपी ट्रबलशूट करा, ओएसपीएफ करा, बीजीपी करा, डीएचसीपी करा. वेगळा पेपर गेला आणि तो विषय सगळ्या अभ्यासक्रमात झिरपला.

दुसरा गैरसमज जुन्या टीशूटबद्दलचा, पण त्यातच खरी मेख आहे. त्या परीक्षेचा नकाशा, कोणता राउटर कुठे आणि कोणता स्विच कशाला जोडलेला, हे सिस्को आधीच जाहीर करत असे. मग लोक म्हणायचे, पेपर तर फुटलेलाच आहे! प्रत्यक्ष परीक्षेत तिकिटं यायची. तक्रार बहुतेक एकच: एका क्लायंटला वेब सर्व्हर दिसत नाही. तुम्ही शो कमांड देऊन पाहायचं आणि तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. बिघाड कोणत्या उपकरणावर आहे, कोणत्या तंत्रज्ञानात आहे, उपाय काय. उपाय पर्यायांतून निवडायचा, स्वतः काही बदलायचं नाही. हात न लावता निदान! मला ती परीक्षा म्हणूनच आवडायची. कामावर नेमकं याच्या उलट चालतं. आधी चार गोष्टी बदलायच्या आणि मग, 'आता बघा बरं येतंय का?'

तेव्हाही डंप घोकणारे होते आणि आजही आहेत. डंप म्हणजे परीक्षेतून चोरून आणलेले प्रश्न. सापडलात तर सिस्को प्रमाणपत्र काढून घेते, हे खरं आहे, पण मुलाखत घेणाऱ्याला तेवढं थांबावं लागत नाही. 'पिंग जातोय, पण फाइल जात नाही. का?' असं विचारलं की घोकलेला माणूस पाच मिनिटांत उघडा पडतो.

हा प्रश्न मी फार वेळा विचारतो, कारण 'पिंग गेला म्हणजे नेटवर्क ठीक' हा या धंद्यातला सर्वांत चिवट गैरसमज आहे. पिंग हा छोटा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, आणि सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. हाक मारायची आणि ओ येते का पाहायचं, एवढंच त्याचं काम. सिस्कोच्या राउटरवरून नुसतं पिंग म्हटलं की १०० बाइटची पाच पाकिटं जातात. इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. आता दोन शाखांमध्ये जीआरई टनेल टाकला की त्याचं स्वतःचं ओझं २४ बाइट, म्हणजे उरले १४७६. शंभर बाइटचं पाकीट त्यातून सहज निघून जातं. लॉगिनचं पान उघडतं, चॅट चालतं. मोठी फाइल मात्र १५०० बाइटच्या पाकिटांतून निघते आणि त्यांवर बहुधा 'तुकडे करू नका' असा शिक्का असतो. वाटेतला राउटर 'पाकीट मोठं आहे' असा निरोप उलट पाठवतो. हा निरोप आणि पिंग, दोन्ही आयसीएमपीतूनच जातात; मधल्या फायरवॉलवर कुणीतरी सुरक्षेच्या अति उत्साहात पिंग सोडून बाकी सगळा आयसीएमपी बंद केलेला असेल, तर तो निरोप पोचतच नाही. पाठवणारा पाठवत राहतो. वापरणारा म्हणतो, 'सर्व्हर स्लो आहे.' आणि सर्व्हरवाल्यांच्या मागे तगादा लागतो.

तपासायचं कसं? विंडोजच्या पिंगला तुकडे न करण्याची अट घाला आणि डेटाचा आकार १४७२ ठेवा. त्यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ मिळवले की बरोबर १५००. ते गेलं नाही तर आकार कमी करत जा. कुठे जायला लागतं ते पाहिलं, की टनेल स्वतःच कबुली देतो.

एमटीयूचा, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराचा, हाच घोळ ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये वेगळ्या वेषात येतो. दोन राउटर एकमेकांना हॅलो म्हणतात, शेजारी म्हणून यादीत दिसतात आणि एक्सस्टार्ट अवस्थेत अडकून बसतात. हॅलो लहान असतो, तो पोचतो. पुढच्या टप्प्यात डेटाबेसचं वर्णन करणारं पाकीट येतं, त्यात आपला एमटीयू लिहिलेला असतो. समोरच्याचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसला, की राउटर ते पाकीट बाजूला टाकतो. एनार्सीच्या अभ्यासात हे एकदा लॅबवर मुद्दाम घडवून पाहिलं, की जन्मभर विसरत नाही.

ट्रेसराउटमधल्या चांदण्यांनाही लोक उगाच घाबरतात. मधल्या एखाद्या टप्प्यावर उत्तर आलं नाही, पण शेवटचा टप्पा येतोय, तर मधला राउटर फक्त उत्तर द्यायला कंटाळलाय, पाकिटं पुढे पाठवायला नाही.

'बंद करून चालू करा.' हा उपाय कधीकधी लागू पडतो, म्हणूनच तो घातक. राउटरच्या मेमरीतले लॉग रिलोडबरोबर पुसले जातात. सिस्लॉग सर्व्हर नसेल तर पुरावा गेला, आणि तोच बिघाड पुढच्या मंगळवारी पुन्हा उभा. हे सांगताना मला जरा चोरट्यासारखं होतं, कारण माझी नोकरी एकदा याच उपायाने वाचली होती.

पुण्यात एका कंपनीच्या नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षात, रात्रपाळी. लांबच्या शाखेतल्या स्विचवर ट्रंकमधून ३० नंबरचा व्हीलॅन जाऊ द्यायचा होता. अलाउड व्हीलॅनच्या कमांडमध्ये 'ॲड' हा शब्द लिहायचा मी विसरलो. तो नसला की स्विच जुनी यादी पुसतो आणि फक्त ३० ठेवतो. माझा मॅनेजमेंट व्हीलॅन त्या जुन्या यादीत होता. एंटर दाबलं आणि स्क्रीन गोठली. शाखेत रात्री फक्त वॉचमन.

'मामा, त्या खोलीतल्या डब्यावर दिवे दिसतायत का?'

'हिरवे टिमटिमतायत की साहेब. झकास चाललंय.'

'त्याची मागची वायर काढा. दहा मोजा आणि परत लावा.'

मी बदल सेव्ह केला नव्हता, म्हणून स्विच जुन्या कॉन्फिगरेशनवर उठला. तेव्हापासून लांबच्या यंत्राला हात लावण्याआधी मी 'रिलोड इन १०' देतो. दहा मिनिटांत मीच बाहेर फेकला गेलो तर यंत्र स्वतःच परत उठेल. काम नीट झालं तर रिलोड रद्द करून मग सेव्ह करायचं. कोणत्याही डंपमध्ये हे मिळणार नाही, आणि परीक्षेतही कुणी विचारणार नाही.

'असे घोळ छोट्या ऑफिसात होतात, मोठ्या ठिकाणी महागडी यंत्रं असतात,' हाही एक लाडका समज. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयाचं नेटवर्क नोव्हेंबर २००२ मध्ये कोसळलं आणि काही दिवस डॉक्टर-नर्सना कागद-पेनावर यावं लागलं. सिस्कोची माणसं यंत्रसामग्री घेऊन धावली. मूळ दुखणं स्पॅनिंग ट्रीचं होतं. इथरनेटच्या फ्रेमला आयुर्मर्यादा नसते. स्विचांच्या जाळ्यात वर्तुळ झालं तर ती घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते, फक्त सेकंदाला हजारो वेळा. असं वर्तुळ तोडण्यासाठी रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री रचली. पण तिचे नेहमीचे टायमर सात स्विचांपर्यंतचं अंतर गृहीत धरतात. वर्षानुवर्षं एकाला एक नेटवर्क जोडत गेलं, की ती मर्यादा केव्हा ओलांडली हे कुणाच्या ध्यानात येत नाही. या रुग्णालयात तसंच झालं होतं. चांगली चाललेली यंत्रं, आणि तरीही सगळं ठप्प.

आता किरकोळ समज. 'आधी सीसीएनए पास व्हावंच लागतं': २०२० पासून अशी अट नाही, पण पाया नसताना थेट एनकोरला बसणं म्हणजे चारशे डॉलरची फी पाण्यात घालणं. एनार्सीची फी तीनशे डॉलर, कर वेगळा. 'प्रमाणपत्र एकदा मिळालं की झालं': ते तीन वर्षंच चालतं, पुढे परीक्षा तरी द्या किंवा सततच्या शिक्षणाचे गुण तरी जमवा. 'जुने राउटर विकत घ्यावे लागतात': पॅकेट ट्रेसर फुकट आहे, त्याच्या मर्यादा जाणवू लागल्या की जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजीकडे वळायचं. 'इंग्रजी कच्चं असेल तर जमत नाही': तिकिटाची भाषा दोन ओळींची असते. अडतं ते 'मला काय दिसतंय' आणि 'मला काय वाटतंय' हे वेगळं लिहिता येत नाही म्हणून, आणि ते मराठीतही येत नसतं.

माझ्या वर्गात शनिवारी आम्ही चिठ्ठ्यांचा खेळ खेळतो. एक गट चिठ्ठी उचलतो आणि त्यात लिहिलेला बिघाड लॅबमध्ये घालतो, दुसऱ्याने तो शोधायचा. एकदा मी एक चिठ्ठी कोरी ठेवली. शोधणाऱ्या मुलांनी अर्ध्या तासात तीन बिघाड 'सापडले' म्हणून सांगितलं, आणि त्यातले दोन दुरुस्तही केले. त्यानंतर पिंग खरोखरच जायचा थांबला.