वर्षाच्या चटणीचा दिवस

एप्रिल सरत आला की कोल्हापुरात गच्च्या लाल दिसायला लागतात. कांदा-लसूण मसाला, आमच्या बोलीत नुसती चटणी, वर्षातून एकदाच होते आणि वळवाने गाठायच्या आत व्हावी लागते. मिरची वाळवणं, कांदा उभा चिरून उन्हात घालणं, लसूण सोलणं आधीच उरकलेलं असतं. भाजणं, कांडणं आणि भरणं मात्र एका दिवसात. घराघरांत प्रमाणावरून वाद असतात, पण चटणी टिकते ती प्रमाणामुळे नव्हे. दिवसभर आपण एकच काम करत असतो: ओल काढायची आणि पुन्हा शिरू द्यायची नाही.

सकाळी साडेसहा

देठ खुडायला हीच वेळ बरी. रात्रीच्या हवेने मिरची जरा नरमलेली असते. देठ अलगद सुटतो, मिरची फुटत नाही, खकाणा उडत नाही. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, धाकटी जाऊ आणि मी हाताला खोबरेल चोळून बसतो. मिरचीचा जाळ पाण्याने निघत नाही, तेलात मात्र विरघळतो. म्हणून हात भगभगले तरी आधी तेल लावायचं, मग साबण.

लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेल्या मिरच्यांचे तीन ढीग समोर असतात. बेडगी हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या नावाने ओळखली जाते: सुरकुतलेली, गर्द लाल, तिखटाला बेताची. ती रंगासाठी. संकेश्वरीचं नाव बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरचं, ती चवीसाठी. लवंगी बुटकी आणि जहाल. आमच्या घरी एक किलो मिरचीत 500 ग्रॅम बेडगी, 300 ग्रॅम संकेश्वरी आणि 200 ग्रॅम लवंगी असते. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी लवंगी कमी करून बेडगी वाढवावी, रंग उलट खुलतो. देठाचं वजन जातं, म्हणून मिरची थोडी वाढीव घ्यायची.

खुडता खुडता पांढरट पडलेली फटकी मिरची बाजूला पडते. शंका आली तर मोडून आत बघायचं. आत काळी भुकटी असेल तर ती बुरशी. अशी एकही आत जाऊ द्यायची नाही.

सकाळी नऊ

खुडलेल्या मिरच्या जुन्या सुती पातळावर शेवटच्या उन्हाला जातात. शेजारीच चिनी मातीची बरणी आडवी, तोंड सूर्याकडे करून ठेवतो. तिलाही दिवसभर तापायचं असतं.

मग निवडणं. किलोभर मिरचीला धणे 250 ग्रॅम, तीळ 100, जिरे 50, खसखस 50 आणि हळकुंड 50 ग्रॅम. लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलची, बदामफूल, नागकेशर, दगडफूल, तमालपत्र, शहाजिरे ही मंडळी प्रत्येकी 10 ग्रॅम. जायपत्री आणि मेथी 5-5 ग्रॅम, खडा हिंग 10 ग्रॅम, एक जायफळ. धण्यांत खडे असतात. दगडफूल हे फूल नव्हेच, झाडाच्या सालीवर आणि खडकांवर वाढणारी ती शैवाकाची (लायकेनची) पापडी. तिच्यात सालीचे तुकडे आणि माती हमखास सापडते. ती हाताने चुरून चाळून घेतली नाही तर चटणी वर्षभर दाताखाली कचकचते.

सकाळी साडेदहा

जाड लोखंडी कढई, मंद आच, आणि एका वेळी एकच जिन्नस. घाईच्या वर्षी कोणीतरी सुचवतंच, सगळं एकदम टाकू या. ते जमत नाही. तीळ अर्ध्या-एक मिनिटात तडतडतात आणि हळकुंडाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एकत्र टाकलं तर हळकुंड तापेस्तोवर तीळ करपलेले.

आधी कोरडे भाजायचे: खसखस, तीळ, जिरे, शहाजिरे, धणे. धणे दोन बोटांत चुरडले की कुटकन मोडावेत. वास सुटला म्हणून उतरवले आणि आत ओल राहिली, तर कांडताना ते पिठासारखे न होता चपटतात. मग चमचाभर तेलावर खडा मसाला. लवंग आणि वेलची टचटचीत फुगतात, दालचिनीला थोडा जास्त वेळ. जायपत्री आणि दगडफूल कढईत पडून लगेच बाहेर. मेथी बदामी झाली की पुरे, लाल झाली तर सगळ्या चटणीत कडवटपणा उतरतो. हळकुंड आणि हिंग शेवटी, कारण त्यांचा रंग आणि वास कढईला धरून बसतो. हळकुंड फुटलेलं घ्यायचं, अखंड असेल तर आधी खलात ठेचून.

जे भाजून होईल ते परातीत पसरायचं. ढीग करून ठेवलं तर खालच्या थराला वाफ धरते आणि तासभराची मेहनत पुन्हा ओली होते.

दुपारी बारा

आता दिवसातलं सगळ्यात कठीण काम: कांदा. त्याच्यात दर दहा भागांत जवळजवळ नऊ भाग पाणी. म्हणून किलोभर कांदा आधी उन्हात वाळवून मगच शेंगतेलात तळायचा. बाहेरून लाल झालेला कांदा आत मऊ असू शकतो, रंगावर भुलायचं नाही. झाऱ्याने उचलून परातीत टाकला की आवाज यायला हवा. आत्तींची परीक्षा याहून सोपी: "तोंडात टाकून बघ. चावलास की वाजला पायजे. चिवट लागला तर परत कढईत."

पाव किलो सुकं खोबरं पातळ काप करून तांबूस भाजायचं. खोबऱ्याला मुळातच तेल असतं, त्यामुळे ते झपाट्याने पुढे जातं. शेवटी मिरच्या जराशा तेलावर, जेमतेम गरम होईपर्यंत परतायच्या. घराची सगळी दारं-खिडक्या उघडी, तरी शेजारच्या वैनी खोकत विचारतात, "झाली काय वो चटणी?"

जेवायला आमटी-भात. आमटीत मुद्दाम गेल्या वर्षीची उरलेली चटणी घालतो. वर्षाने तिचा रंग कितपत टिकला आणि तिखट पुरलं का, हे ताटातच कळतं आणि यंदा काय बदलायचं ते तिथेच ठरतं.

दुपारी साडेतीन

कांडप. डब्यांची रांग दारापर्यंत. "मी आलो एवढ्यात, माझा नंबर धरा," म्हणून एक बाई घरी मीठ आणायला पळते. आत मोटरवर चालणारे लोखंडी मुसळ आळीपाळीने वर उचलले जातात आणि स्वतःच्या वजनाने उखळात आदळतात. हाच डंक. चक्कीत जिन्नस घासला जाऊन तापतो, आणि तापला की सुगंधी तेलं उडून जातात. डंकाखाली तो ठेचला जातो, इतका तापत नाही. शिवाय खोबरं आणि कांदा असं तेलकट काही चक्कीच्या दगडाला चिकटून बसतं, उखळात तो प्रश्न नाही.

इथेही क्रम असतो. आधी मिरची आणि 250 ग्रॅम मीठ. चाळायचं, चाळणीवर राहिलेली भरड परत उखळात. मग खडा मसाला आणि धणे, पुन्हा चाळणी. नंतर तीळ, खोबरं, कांदा. सगळ्यांत शेवटी 250 ग्रॅम लसूण, थोडं आलं आणि धुऊन पूर्ण सुकवलेली कोथिंबीर. दिवसभर आपण जी ओल हाकलली, ती या शेवटच्या पावलाला थोडी परत येते. लसूण कच्चाच जातो, नाहीतर चटणीला तिचा वास येणार नाही. म्हणून तर बाकी सगळं इतकं कडकडीत हवं, आणि मीठही मोजून.

संध्याकाळी साडेपाच

पश्चिमेकडून ढग येतात, धुळीचा लोट उठतो आणि लाइट जाते. मुसळ जिथल्या तिथे थांबतात. वळवाची सर पत्र्यावर कोसळते आणि रांगेतली प्रत्येक बाई डब्याला पदर लावून उभी राहते. झाकण मात्र कोणी घट्ट लावत नाही. कांडलेली चटणी कोमट असते, झाकली तर झाकणाला घाम सुटतो आणि तेच पाणी आत टपकतं. वर सुती फडकं आणि त्यावर प्लास्टिक सैलसर, एवढंच. लाइट येते, रांग पुढे सरकते.

रात्री आठ

घरी आल्यावर चटणी परातीत पसरून पूर्ण गार करतो. मग तेल गरम करून गार केलेलं, वाटीभर, हाताने चोळून लावायचं. गुठळ्या फुटतात आणि रंग एकदम उघडतो, कारण मिरचीचा लाल रंगही तेलातच विरघळतो. मिसळीवर कट तरंगतो तो याच गुणाने.

बरणीच्या तळाशी हिंगाचा खडा आणि चिमूटभर मीठ. त्यावर चटणी मुठीने दाबून भरायची, मध्ये हवा राहू द्यायची नाही. मध्यावर एक खडा, वर एक. शेवटी मिठाचा पातळ थर, तोंडाला दादरा आणि त्यावर झाकण.

यंदा घरी चटणी करणार असाल तर एवढं सांभाळा. महिन्याची चटणी छोट्या डब्यात काढा आणि मोठी बरणी रोज उघडू नका. चमचा कोरडा हवा, वाफाळत्या पातेल्यावर डबा धरून चटणी टाकू नका. जागा असेल तर बरणी पावसाळाभर फ्रिजमध्ये ठेवा. आणि एवढं करूनही बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर वरचा थर खरवडून उरलेली वापरू नका. मिरचीवरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं आणि ते फोडणीच्या आचेने जात नाही. कितीही जीव तुटला तरी ती चटणी टाकूनच द्या.