बाहुली किती सांगते?

संगमनेर तालुक्यात डाळिंब आणि टोमॅटो जोरात असतात, तेव्हा फवारणीही जोरात असते. तोंडाला रुमाल न बांधता, वाऱ्याच्या तोंडावर पंप मारत फिरलेला एखादा माणूस संध्याकाळी दवाखान्यात आणला जातो. तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम. डॉक्टर पापणी वर करतात आणि टॉर्च मारतात. डोळ्याच्या रंगीत पडद्यामधलं काळं भोक, म्हणजे बाहुली, टाचणीच्या टोकाएवढी झालेली दिसली तर ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाचा संशय बळावतो. ही कीटकनाशकं शरीरातलं ॲसिटिलकोलिन मोडणारं विकर निकामी करतात. मग बाहुली आवळणारा स्नायू आवळलेलाच राहतो. उतारा म्हणून शिरेतून ॲट्रोपिन देतात. तेच ॲट्रोपिन बांधावर उगवणाऱ्या धोत्र्यात असतं आणि त्याचं काम नेमकं उलट: धोत्रा पोटात गेलेल्याच्या बाहुल्या ताटलीसारख्या पसरतात.

बाहुली लहानमोठी करायला दोन स्नायू असतात. एक तिच्याभोवती गोल बसलेला, आवळणारा. दुसरा आऱ्यांसारखा पसरलेला, ओढून मोठं करणारा. भर उन्हात बाहुली साधारण दोन मिलिमीटरपर्यंत उतरते, अंधारात आठपर्यंत जाते. आवळण्याचा हुकूम मेंदूच्या देठातून येतो. पसरवण्याचा निरोप मात्र मेंदूतून खाली मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत उतरतो आणि मानेतून पुन्हा वर डोळ्याकडे येतो. निसर्गाने एवढा वळसा का घालून ठेवला असेल, कोण जाणे. पण या वळशामुळेच भीती, सावधपणा, दम लागणं यांचे हिशेबही बाहुलीत उमटतात.

मानसशास्त्रज्ञांना रस आहे तो तिसऱ्याच गोष्टीत. उजेड तोच, औषध नाही, भीती नाही, तरीही बाहुली हलते. माणूस नुसता विचार करत असतो.

1964 साली शिकागोच्या एकहार्ड हेस आणि जेम्स पोल्ट यांनी अगदी साधा प्रयोग केला. माणसाला समोर बघत बसवायचं, डोळ्याची फिल्म घ्यायची आणि तोंडी गुणाकार घालायचे: सात आठे, आठ तेरा, तेरा चौदा, सोळा तेवीस. प्रश्न कानावर पडला की बाहुली मोठी व्हायला लागायची, उत्तर तोंडातून बाहेर पडलं की झपाट्याने पूर्ववत. सात आठेला वाढ सरासरी अकरा टक्क्यांच्या आसपास, सोळा तेवीसला बावीसच्या आसपास. प्रयोगात माणसं होती फक्त पाच. आज एवढ्यावर कोणी निबंध छापून घेणार नाही, पण निष्कर्ष नंतरच्या साठ वर्षांत टिकला.

दोनच वर्षांनी डॅनियल कानेमान आणि जॅक्सन बीटी यांनी त्याला आणखी टोक आणलं. सेकंदाला एक या गतीने आकडे ऐकवायचे आणि मग ते परत म्हणून घ्यायचे. प्रत्येक नव्या आकड्याला बाहुली थोडी वाढते; परत म्हणताना एकेक आकडा उतरतो तशी ती पायरीपायरीने लहान होते. डोक्यावरचा भार चढतो कसा आणि उतरतो कसा, हे बाहेरून दिसत होतं. डोळ्याकडे बघणाऱ्यांना गणित मध्येच सोडून दिलेला माणूसही ओळखता यायचा. ‘आत्ता का थांबलात?’ असं विचारलं की तो चाट पडायचा. कानेमान यांना पुढे 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या प्रयोगांतली त्यांना आवडलेली आठवण मात्र वेगळीच होती: दोन गणितांच्या मध्ये माणूस इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा, तेव्हा बाहुली जवळपास हलतच नसे. गप्पांचे मेंदूला फारसे कष्ट पडत नाहीत. आपल्याकडच्या पारांवर ही मोजणी केली तर निकाल वेगळा येईल असं मला वाटत नाही.

भाराला मर्यादाही आहे. 1974 मध्ये स्कॉट पीव्हलर यांनी पाच, नऊ आणि तेरा आकड्यांच्या माळा ऐकवल्या. आवाक्यापलीकडे माळ गेली की बाहुली वाढायची थांबते.

हा खेळ घरी करून बघायला हरकत नाही, पण आपल्याकडे एक अडचण आहे. डोळे गडद तपकिरी, त्यामुळे काळी बाहुली कुठे संपते तेच नीट दिसत नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी अवरक्त प्रकाश टाकतात. त्यात तपकिरी पडदा फिका राखाडी दिसतो आणि बाहुलीची कड स्पष्ट उठून येते. दुकानांवरच्या सीसीटीव्हीत रात्रीचं चित्र येतं ते याच प्रकाशाच्या जोरावर. घरी मात्र मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यावर आणि बाजूने पडणाऱ्या टेबललॅम्पवरच भागवावं लागतं. डोळा मोठा करून व्हिडिओ घ्यायचा. समोरच्याने एका जागी बघत राहायचं, कारण नजर जवळ आणली तरी बाहुली आवळते. दिवा हलला तर सगळंच फुकट, कारण उजेडामुळे होणारा फरक काही मिलिमीटरचा असतो आणि विचारामुळे होणारा फार तर अर्धा मिलिमीटर. मग विचारायचं, सोळा तेवीस किती?

उत्तर 368. पण ज्याने लहानपणी पाढे घोकले त्याच्या डोळ्यात काय दिसतं, हा माझ्या मते जास्त मजेचा प्रश्न आहे. आडतीवर पट्टी करताना सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे जिभेवर असलेली जुनी माणसं साडेतीनपट काढायला थांबत नसत. ती हिशेब करत नव्हती, आठवत होती. सिल्व्हिया अहर्न आणि बीटी यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना गुणाकार घातले. प्रवेश परीक्षेत जास्त गुण मिळवलेल्यांच्या बाहुल्या त्याच गणिताला कमी वाढल्या. म्हणजे मोठी बाहुली ही हुशारीची खूण नाही, कष्टाची आहे. हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण 2016 मध्ये उलटा निकाल छापून आला होता. विश्रांतीत ज्यांच्या बाहुल्या मोठ्या ते जास्त बुद्धिमान, असं अटलांटातल्या एका गटाला आढळलं होतं. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा अनेकांना तसं काही दिसलं नाही. बातम्या पहिल्या निकालाच्या झाल्या, दुसऱ्याच्या नाहीत.

मेंदूत हे कुठून चालतं? मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा एक निळसर ठिपका आहे. पेशी अगदी थोड्या, पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले. तिथून नॉरॲड्रेनालिन सुटतं आणि मेंदू सावध होतो. 2016 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सिद्धार्थ जोशी, जोशुआ गोल्ड आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या या ठिपक्यात बारीक विद्युतअग्रं सोडून पेशी आणि बाहुली यांची एकाच वेळी नोंद घेतली. पेशी सळसळल्या की थोड्याच वेळात बाहुली पसरत होती. पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे कमी लक्ष गेलं. मेंदूच्या इतर दोन-तीन भागांशीही बाहुलीचं असंच नातं सापडलं होतं. ती एकाच पेशीसमूहाची दूत नाही. शिवाय ती सुस्त आहे. पेशी मिलिसेकंदात बोलतात, बाहुलीला शिखर गाठायला सेकंदभर लागतो.

साखर कारखान्याच्या धुरांड्यातून धूर दिसला की गाळप सुरू आहे हे कळतं. कुणाच्या वावरातला ऊस आहे, ते कळत नाही. बाहुलीचं तेवढंच आहे आणि डोक्याला तारा लावून घेतलेल्या मेंदूच्या लहरींचंही बव्हंशी तेच. हा फरक विसरणं महाराष्ट्रात एकदा फार महागात पडलं.

जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपी तरुणीला जन्मठेप दिली. निकालात इतर पुराव्यांच्या जोडीला मेंदूच्या लहरींची चाचणी धरली होती. तिचं नाव ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर, थोडक्यात बीईओएस. ती बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतले माजी मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केलेली. डोक्यावर विद्युतअग्रांची टोपी. समोर कुणीतरी प्रथमपुरुषी वाक्यं ऐकवतं: मी आर्सेनिक आणलं, मी अमुक ठिकाणी भेटले. ऐकणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. लहरींवरून संगणक सांगणार, की ही गोष्ट या व्यक्तीने स्वतः केली आहे की नुसती ऐकलेली आहे.

शेवटचं वाक्य परत वाचा. पोलिसांनी दहा वेळा विचारलेली, वकिलाने समजावलेली, वर्तमानपत्रात आलेली गोष्ट आणि स्वतः केलेली गोष्ट यांतला फरक टोपीतून काढायचा. लहरींवरून मेंदू चाळवला हे दिसतं; कशाने चाळवला, हे वाक्य ऐकवणाऱ्याने आधीच गृहीत धरलेलं असतं. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने चाचणीला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचं सांगून तिचा वापर थांबवायची शिफारस केली. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्व्ही विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात नार्को, पॉलीग्राफ आणि मेंदूचाचणी संमतीशिवाय करायला मनाई केली. संमतीने केली तरी तिचा निकाल हाच पुरावा म्हणून वापरता येत नाही.

आता बाहुलीवरूनही खोटं पकडण्याची यंत्रं परदेशात विकली जातात. खोटं बोलायला कष्ट पडतात, म्हणून बाहुली वाढते, इथपर्यंत ठीक. पण घाबरलेल्या खऱ्या माणसालाही कष्ट पडतातच.

प्रश्न ‘किती?’ असा असतो तिथे मात्र या मोजणीला तोड नाही. ॲमस्टरडॅममध्ये ॲड्रियाना झेकफेल्ड, सोफिया क्रेमर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये लोकांना गोंगाटातून वाक्यं ऐकवली. गोंगाट वाढला तशा बाहुल्या वाढल्या. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना लग्नाच्या पंगतीत बाजूच्याचं बोलणं बहुतेक कळतं, उत्तरंही बरोबर देतात, पण तासाभराने गळून जातात आणि घरचे म्हणतात, एवढं काय केलंत? त्यांनी काय केलं ते बाहुलीच्या आलेखात मोजता येतं. कोणत्या श्रवणयंत्राने हे कष्ट कमी होतात, हेही संशोधक अशाच पद्धतीने तपासतात. नेहमीच्या श्रवणचाचणीत याची नोंदच होत नाही. तिथे शब्द ऐकू आला की नाही, एवढीच खूण करतात.